जुन्या मालिका मोबाईलवर आल्या; पण त्यात मराठीचा वाटा किती?

चऱ्होली : 'रामायण', 'महाभारत', 'हम लोग', 'शक्तिमान'. एकेकाळी ज्यांच्यासाठी गल्ल्या ओस पडायच्या, त्या मालिका आता खिशातल्या मोबाईलवर दिसू लागल्या आहेत. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात 'वेव्ह्ज' हे स्वतःचं ओटीटी ॲप सुरू केलं. मराठीसह बारा-एक भाषा, ६५ थेट वाहिन्या आणि दूरदर्शन-आकाशवाणीच्या जुन्या खजिन्यातले कार्यक्रम, असा त्याचा थाट आहे. बरंचसं फुकट आहे, काही भागासाठी वर्गणीच्या योजना आहेत.

बातमी तशी दिल्लीची आणि गोव्याची. पण तिचा खरा अर्थ बघायचा तर चऱ्होलीसारख्या गावातून बघावा लागेल.

पाळीच्या गावात वेळेची मालिका कोण बघणार?

इंद्रायणीच्या एका काठाला चऱ्होली बुद्रुक, दुसऱ्या काठाला चऱ्होली खुर्द. बुद्रुक १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेत, तर खुर्द खेड तालुक्यात, ग्रामपंचायतीच्या कारभारात. जवळच आळंदी, पलीकडे चाकण आणि भोसरीच्या कंपन्या. गावात जुनी शेतकरी घरं आहेत, नव्या सोसायट्या आहेत आणि मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून येऊन खोली करून राहणारी कामगार मंडळीही आहेत.

या पट्ट्यात घरातली माणसं एका वेळेला घरात नसतात. एक जण पहिल्या पाळीला, दुसरा दुसऱ्या पाळीला, भाडेकरू तिसऱ्या पाळीहून सकाळी परत येतो. अशा घरात 'रात्री नऊ वाजता अमुक मालिका' हे गणितच बसत नाही. म्हणून कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, झोपण्याआधी अर्धा तास, असं तुकड्या-तुकड्यानं बघणं चालतं. जुन्या मालिका इथे चालतात त्याचं हेही एक कारण. गोष्ट आधीच माहीत असते. मधला भाग चुकला तरी काही अडत नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर लावताना रिमोटवर बोट ठेवून बसावं लागत नाही.

सिंहगडाकडे तोंड केलेली अँटेना

टीव्ही या भागात आला त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र झालं आणि पुणे परिसरात चित्र दिसू लागलं. तेव्हापासून पुणे जिल्ह्यातल्या कित्येक घरांच्या पत्र्यांवर, गच्च्यांवर अँटेना सिंहगडाच्या दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. वारा आला की एकानं वर चढून अँटेना फिरवायची आणि खालच्यानं 'आलं, आलं, गेलं' असं ओरडायचं, हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वेळी रंगीत प्रक्षेपण आलं. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रामानंद सागर यांचं 'रामायण' चाललं, ७८ भाग. त्यानंतर २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रा यांचं 'महाभारत', ९४ भाग. गावात टीव्ही मोजके, बघणारे शंभर. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी रविवारी सकाळी सगळी आळी. चपलांचा ढीग दारात. वीज गेली की बॅटरीची शोधाशोध.

त्या अँटेनाही आता इतिहासजमा झाल्या. दूरदर्शनने जमिनीवरून होणारं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण टप्प्याटप्प्यानं बंद केलं. मोजकी महत्त्वाची ठिकाणं सोडली तर २०२२ पर्यंत देशभरातली जुनी प्रक्षेपण केंद्रं थांबली. आता दूरदर्शन पोचतं ते डीडी फ्री डिशच्या छत्रीतून, केबलमधून किंवा इंटरनेटवरून.

परत आणलं ते लॉकडाऊननं

जुन्या मालिकांना बाजारभाव आहे, हे कळलं २०२० मध्ये. कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये नव्या मालिकांचं शूटिंग बंद पडलं. वाहिन्यांकडे दाखवायला काही उरलं नाही. २८ मार्च २०२० पासून डीडी नॅशनलवर 'रामायण' पुन्हा लागलं आणि बघता बघता देशभर गाजलं. १६ एप्रिलचा एक भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला आणि हा जागतिक विक्रम आहे, असं दूरदर्शननं जाहीर केलं. या विक्रमाच्या दाव्यावर नंतर आक्षेपही घेतले गेले. पण आकडा बाजूला ठेवला तरी ३३ वर्षं जुनी मालिका सगळ्या नव्या मालिकांना मागे टाकते, हे सगळ्यांनी पाहिलं.

त्याआधी २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. गावात स्मार्टफोन घराघरांत पोचले. खासगी कंपन्यांनी आपल्या जुन्या मालिका ॲपवर टाकायला सुरुवात केली होतीच. 'झी ५' २०१८ मध्ये सुरू झालं आणि झी मराठीच्या मालिका मोबाईलवर बघायची सवय लागली. सगळ्यांत जुना साठा ज्या सरकारी संस्थेकडे, ती मात्र यात सगळ्यांच्या मागून आली.

मराठीचं पान कोरं का?

इथे खरा प्रश्न सुरू होतो. 'जुन्या मालिका' म्हटलं की जाहिरातीत हिंदी नावं येतात. मराठीतही काही कमी झालेलं नाही. मुंबई दूरदर्शनवर 'गजरा' होता. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरची चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका होती, तिच्यातले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आजही लोकांना आठवतात. 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये लेखक-कलावंत बोलायचे. शिवाजी साटम यांची 'एक शून्य शून्य' होती, पोरांसाठी 'गोट्या' होती, पुढे सह्याद्रीवर प्रतीक्षा लोणकर यांची 'दामिनी' आली. आणि शेतकऱ्यांसाठी 'आमची माती, आमची माणसं' होतं.

यातलं काही दूरदर्शन सह्याद्रीच्या यूट्यूब वाहिनीवर आणि प्रसार भारतीच्या संग्रहाच्या वाहिनीवर सापडतं. पण सगळं सापडत नाही. याला कारणं तीन आहेत.

पहिलं, टेपच उरल्या नाहीत. सुरुवातीच्या काळात व्हिडिओ टेप महाग होत्या. कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपवर पुढचा कार्यक्रम घ्यायचा, अशी पद्धत होती. त्यात कितीतरी कार्यक्रम पुसले गेले. चिमणरावांच्या मालिकेचे बहुतेक भाग आज बघायला मिळत नाहीत. ही गोष्ट फक्त आपल्याकडेच झाली असंही नाही. ब्रिटनच्या बीबीसीनं 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग असेच घालवले, आणि नव्वदहून जास्त भाग अजूनही सापडलेले नाहीत.

दुसरं, ज्या टेप उरल्या त्यांचं आयुष्य संपत आलंय. चुंबकीय टेप दमट हवेत खराब होते, तिला बुरशी लागते, वरचा थर सुटतो. ती चालवायला जुनं मशीन लागतं आणि त्या मशीनचे सुटे भाग आता बाजारात नाहीत. म्हणजे टेप चांगली आहे पण वाजवायला यंत्र नाही, असाही प्रसंग येतो. एक तासाची टेप डिजिटल करायला किमान एक तास लागतो, वर साफसफाई आणि तपासणी वेगळी. हे काम दहा वर्षं पुढे ढकललं तर नंतर करायला काही उरणार नाही.

तिसरं, हक्क. कार्यक्रम दूरदर्शनवर लागला म्हणजे तो दूरदर्शनच्याच मालकीचा, असं नसतं. दूरदर्शननं स्वतः बनवलेले कार्यक्रम वेगळे आणि बाहेरच्या निर्मात्यानं प्रायोजक आणून बनवलेल्या मालिका वेगळ्या. 'रामायण', 'महाभारत' या दुसऱ्या प्रकारातल्या. १९८० च्या दशकात करार झाले तेव्हा मोबाईलवर मालिका बघता येईल, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्यामुळे इंटरनेटचा हक्क कुणाचा, हे कागदावर स्पष्ट नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि लेखक-संगीतकारांच्या मानधनाचा हक्क भक्कम झाला. ते योग्यच झालं. पण जुना निर्माता वारला, वारस विखुरले, करार सापडत नाही, अशा वेळी मालिका कपाटातच राहते.

शेतकऱ्याचा इतिहास त्या टेपांत आहे

कुणी म्हणेल, जुन्या मालिका नाही मिळाल्या तर काय बिघडलं? करमणुकीला आता काय कमी आहे?

करमणुकीपुरतं ते खरं. पण 'आमची माती, आमची माणसं'सारख्या कार्यक्रमांत महाराष्ट्रातला शेतकरी बोलताना दिसतो. त्याची बोली, त्याची अवजारं, बैलजोडी, मोट जाऊन इंजिन आणि इंजिन जाऊन वीजपंप कसा आला, कोणतं वाण कधी आलं, हे त्यात आहे. तिथला पीक-सल्ला आज जुना झाला असेल, पण त्यातली माणसं आणि गावं परत कॅमेऱ्यासमोर येणार नाहीत. चऱ्होली, मोशी, डुडुळगाव, चिखली या पट्ट्यात ज्या जमिनीवर ज्वारी-बाजरी होती तिथे आज टॉवर उभे आहेत. इथल्या पंधरा वर्षांच्या पोराला आपला आजा काय करत होता हे दाखवायचं तर असं चित्रण फार थोडं आहे.

शिवाय हा साठा जनतेच्या पैशातून तयार झालाय. २०२३ च्या जानेवारीत केंद्रानं प्रसारण यंत्रणा सुधारण्यासाठी 'बाइंड' नावाची २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तीही आकाशवाणी आणि दूरदर्शनसाठीच. इतका पैसा यंत्रणेवर खर्च होत असेल तर त्यातून मराठीच्या जुन्या टेपांसाठी काय झालं, हे विचारणं गैर नाही.

फुकट म्हणजे किती फुकट?

ॲप फुकट असलं तरी डेटा फुकट नाही. 'रामायण'चे ७८ भाग, प्रत्येकी साधारण ३५ मिनिटं, म्हणजे ४५ तासांच्या आसपास. कमी क्वालिटीवर बघितलं तर तासाला साधारण अर्धा जीबी जातो. म्हणजे पूर्ण मालिकेला २३ जीबीच्या आसपास. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर पंधरा दिवसांचा सगळा डेटा यातच संपला. एचडीवर ठेवलं तर हाच खर्च दुप्पट-तिप्पट होतो. जुनी मालिका मुळात जुन्या कॅमेऱ्यावर घेतलेली, एचडी लावून तिचं चित्र काही उजळत नाही. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन क्वालिटी कमी ठेवा, तेवढाच डेटा वाचेल.

ज्येष्ठ मंडळींची अडचण वेगळीच आहे. त्यांना अँटेना फिरवता यायची, पण ओटीपी टाकणं, अकाउंट उघडणं, इंग्रजी मेनूतून मालिका शोधणं जमत नाही. ज्यांच्यासाठी हा ठेवा सगळ्यांत मोलाचा, त्यांनाच तो नातवंडाशिवाय उघडत नाही. घरात फ्री डिशची छत्री असेल तर त्यांच्यासाठी अजून तोच सोपा मार्ग, महिन्याचा रिचार्जही नाही.

एक सावधानता महत्त्वाची. जुन्या मालिकांच्या नावानं व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवर लिंक फिरतात. 'सगळे भाग फुकट, हे ॲप टाका' असं सांगून एपीके फाईल पाठवली जाते. अशी फाईल टाकली की मोबाईलमधले मेसेज, ओटीपी, बँकेची माहिती बाहेर जाऊ शकते. ॲप घ्यायचं तर प्ले स्टोअरवरूनच, तेही बनवणाऱ्याचं नाव बघून. लिंक ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी नियम हाच.

आता करायचं काय?

प्रसार भारती ही सार्वजनिक संस्था आहे, माहितीचा अधिकार तिला लागू आहे. दहा रुपये शुल्कात, ऑनलाइन अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुंबई केंद्राकडे मराठीच्या किती टेप शिल्लक आहेत, त्यातल्या किती डिजिटल झाल्या, किती खराब झाल्या, हे कुणीही नागरिक विचारू शकतो. अशी यादी मराठीत जाहीर झाली तर पहिलं काम झालं. मग हक्क ज्यांचे दूरदर्शनकडेच आहेत, असे कार्यक्रम आधी खुले करावेत. शेतीचे, लोककलेचे, मुलाखतींचे कार्यक्रम यात मोडण्याची शक्यता जास्त.

शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती यांच्याकडे आता टीव्ही आणि इंटरनेट आहे. महिन्यातून एकदा जुना मराठी कार्यक्रम एकत्र बसून बघायला वेगळा खर्च नाही. एकेकाळी एका टीव्हीसमोर आळी जमत होती. आज प्रत्येकाच्या कानात वेगळा हेडफोन आहे. मालिका परत आली, पण ती एकत्र बघणारी माणसं आपोआप परत येणार नाहीत, त्यांना बोलवावं लागेल.

आणि एक साधी गोष्ट. २०१३ मध्ये 'डॉक्टर हू'चे नऊ हरवलेले भाग सापडले ते लंडनमध्ये नाही, नायजेरियातल्या एका टीव्ही केंद्राच्या गोदामात. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी व्हीसीआर होता, त्यांनी लग्नाच्या कॅसेटबरोबर टीव्हीवरचे कार्यक्रमही भरून ठेवलेले असू शकतात. माळ्यावर, ट्रंकेत अशा कॅसेट पडल्या असतील तर दिवाळीच्या साफसफाईत भंगारात टाकू नका. आधी एकदा बघा, त्यात काय आहे ते.