मिनिटाला दहा गाठी

मे 2023 मध्ये नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं, तेव्हा लोकसभेत मोराच्या आणि राज्यसभेत कमळाच्या कल्पनेवर विणलेले गालिचे देशाने पाहिले. ते उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातल्या विणकरांनी विणले. 1920 साली मिर्झापुरात सुरू झालेल्या ओबीटी या कंपनीने ते काम करून दिलं आणि त्याचे आकडेही सांगितले: 900हून अधिक कारागीर, 10 लाख मनुष्यतास, सुमारे 35 हजार चौरस फूट आणि 60 कोटींहून जास्त गाठी. प्रत्येक सभागृहासाठी दीडशेहून अधिक गालिचे वेगवेगळे विणले गेले आणि मग सांधा दिसणार नाही अशा बेताने एकमेकांना जोडले गेले.

बातम्यांत हे आकडे अभिमानाने छापले गेले, आणि तो अभिमान रास्तच होता. पण त्यांचा भागाकारही करून पाहायला हवा. 60 कोटींना 10 लाखांनी भागलं की तासाला 600 गाठी येतात, मिनिटाला दहा. या गालिच्यांच्या एका चौरस इंचात 120 गाठी आहेत, म्हणजे चौरस फुटात 17,280. या वेगाने, रोज आठ तास काम करून, एका माणसाला एक चौरस फूट पुरा करायला साडेतीन दिवसांहून जास्त लागतात. घरच्या बैठकीत घालायचा सहा बाय नऊ फुटांचा गालिचा याच विणीचा हवा असेल, तर एका माणसाचे जवळपास 194 दिवस.

आता मजुरी. 2025-26 साठी उत्तर प्रदेशात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला 252 रुपये होता. खड्डे खणणाऱ्या, माती वाहणाऱ्या मजुराला मिळणारा हा दर जरी विणकराला द्यायचा ठरवला, तरी त्या एका गालिच्याच्या निव्वळ विणाईचे जवळपास 49 हजार रुपये होतात. लोकर, रंग, धुलाई, वाहतूक, व्याज आणि दुकानाचं भाडं यांचा हिशोब त्यानंतर सुरू होतो. वर्षानुवर्षं हात बसल्याशिवाय जे काम जमत नाही, त्याची किंमत निदान अकुशल मजुरीइतकी तरी असावी, एवढी साधी ही अपेक्षा आहे. ती पुरी होते की नाही, हे तपासायची सोय मात्र आजच्या व्यवस्थेत कुठेच नाही.

गालिचा विणकराच्या हातात जन्मतो, पण त्याची वाट मेंढीपासून सुरू होते. भारतात वर्षाला साधारण सव्वातीन ते साडेतीन कोटी किलो लोकर निघते आणि तिच्यातली जवळपास निम्मी एकट्या राजस्थानची असते. या सगळ्या लोकरीपैकी सुमारे 85 टक्के लोकर गालिच्याच्या प्रतीची आहे. अंगावर घालायच्या मऊ कपड्यांना ती चालत नाही, पायाखाली मात्र ती वर्षानुवर्षं तग धरते. बिकानेर ही या लोकरीची मोठी बाजारपेठ. तिथल्या मगरा मेंढीच्या लोकरीला जी नैसर्गिक चमक असते, तिच्यासाठी गालिचेवाले तिला शोधत येतात. एवढ्यावर भागत नाही म्हणून न्यूझीलंडसारख्या देशांतून लोकर आणून देशी लोकरीत मिसळतात. बिकानेरच्या गिरण्यांत तिचं सूत होतं. भदोहीत त्या सुताला काती म्हणतात. काती रंगवली जाते, चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवली जाते, आणि सूत व नक्षी दोन्ही घेऊन ठेकेदार गावोगावच्या मागांपर्यंत पोचतो.

माग बहुधा विणकराच्या घरातच असतो. उभे धागे सुती, त्यांवर लोकरीची गाठ, छुरीने एक काप, मग पुढची गाठ. ओळ पुरी झाली की आडवा धागा घालून ती ठोकून बसवायची. महिन्यांनी गालिचा मागावरून उतरतो आणि पुन्हा निर्यातदाराच्या आवारात जातो. तिथे त्याची कातरणी होते, धुलाई होते, तो ताणून सरळ केला जातो, कडा बांधल्या जातात. मग बंदर, मग अमेरिका किंवा जर्मनी. भारतात हाताने बनणाऱ्या गालिच्यांचा फार मोठा हिस्सा देशाबाहेर जातो, आणि निर्यातीतला साधारण 60 टक्के वाटा एकट्या अमेरिकेचा आहे.

ठेकेदाराला सरसकट खलनायक ठरवणं अन्यायाचं होईल. आडगावातल्या विणकराकडे सूत घ्यायला पैसा नसतो आणि निर्यातदाराला गावागावात फिरायला वेळ नसतो. त्या दोघांना जोडणारा माणूस लागतोच. लग्न, आजारपण, घराचं छप्पर अशा वेळी उचलही तोच देतो. पण दर तोच सांगतो, मोजमाप तोच घेतो, चुकीबद्दल कपातही तोच करतो, आणि उचल फिटेपर्यंत दुसऱ्याचं काम घ्यायची मोकळीक उरत नाही. विणकराच्या हातात ना करार असतो, ना दराची चिठ्ठी. मूळ दुखणं हे आहे. सूत किती किलो दिलं याची नोंद असते, माल कोणत्या कंटेनरमध्ये भरला याची नोंद असते, पण एका चौरस फुटाला विणकराला किती पैसे मिळाले याची नोंद त्या कागदांच्या चळतीत सापडत नाही.

ही उणीव किती महागात पडते ते 2025 च्या ऑगस्टमध्ये दिसलं. 7 तारखेला अमेरिकेने भारतीय मालावर 25 टक्के अतिरिक्त कर लावला आणि 27 तारखेला तो 50 टक्क्यांवर नेला. स्पर्धेतल्या तुर्कस्तानवर तेव्हा 15 टक्के होता, पाकिस्तानवर 19. भदोहीत ऑर्डरी थांबल्या, तयार माल गोदामांत पडून राहिला. निर्यातदारांनी सरकारकडे मदत मागितली आणि त्यांची अडचण खरी होती. पण निर्यातदारांची परिषद आहे, दिल्लीत त्यांचं म्हणणं ऐकणारं मंत्रालय आहे. ज्याच्या घरातला माग थांबला त्याला काम गेल्याची नोटीसही मिळत नाही. कारण कागदोपत्री तो कुणाकडे कामाला नव्हताच.

उलटंही घडलेलं आहे. 2010 साली आणि पुन्हा 2018 साली अमेरिकेने इराणी गालिच्यांना आपला बाजार बंद केला, तेव्हा भारतीय मालाला मोकळी जागा मिळाली. त्या तेजीतला किती वाटा मागावर पोचला, हे शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. मंदी मागापर्यंत चटकन पोचते, तेजीचा माग मात्र काढता येत नाही. पुरवठ्याच्या साखळीत सगळा धोका सर्वांत अशक्त कडीवर ढकलला जातो, तो असा.

हे बदलता येणार नाही असं व्यापारातले लोक सांगतात. घराघरांत विखुरलेले माग, कुणाकुणावर लक्ष ठेवणार, हा त्यांचा सवाल. त्याचं उत्तर याच धंद्याच्या इतिहासात आहे.

1980 च्या दशकात भदोहीचे गालिचे आणि बालमजुरी ही जोडी जगभर कुप्रसिद्ध झाली होती. बिहारमधल्या खेड्यांतून मुलं आणून मागांवर बसवली जात. 1986 च्या बालमजुरी कायद्याने गालिचे विणण्याचं काम मुलांसाठी निषिद्ध ठरवलं, पण कायदा घरातल्या मागापर्यंत पोचेना. कैलाश सत्यार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग दुसरं टोक धरलं, गिऱ्हाइकाचं. 1994 च्या सुमारास रगमार्क ही खूणचिठ्ठी आली. मुलांकडून काम करून घेतलेलं नाही अशी हमी असलेल्या गालिच्यालाच ती मिळे, आणि त्यासाठी निरीक्षक अचानक मागापाशी जाऊन उभे राहत. 2009 मध्ये तिचं नाव गुडवीव झालं, 2014 मध्ये सत्यार्थींना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. बालमजुरी पुरती संपली असं म्हणता येणार नाही. 2014 सालीच हार्वर्ड विद्यापीठातल्या एका अभ्यासाने या धंद्यातली वेठबिगारी आणि मुलांची कामं पुन्हा उजेडात आणली होती. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली: विखुरलेल्या मागांचा पत्ता लागतो, तिथे माणूस पाठवता येतो, आणि कोणता गालिचा कोणत्या मागावर विणला याची नोंद ठेवता येते.

रंगांच्या बाबतीतही हेच झालं. 1994 साली जर्मनीने कर्करोगाचा धोका असलेल्या काही अझो रंगांवर बंदी घातली. तेव्हाही जर्मनी हे भदोहीचं मोठं गिऱ्हाईक होतं. रंगाऱ्यांनी रंग बदलले, तपासणीचे दाखले जोडायला सुरुवात केली. परदेशी ग्राहकाच्या त्वचेसाठी साखळी तळापर्यंत हलली. विणकराच्या पोटासाठीही ती हलू शकते, फक्त तसं मागणारं कुणी हवं.

खासगी क्षेत्रातही वेगळी वाट चालून पाहिलेली माणसं आहेत. नंदकिशोर चौधरी यांनी 1978 मध्ये राजस्थानातल्या चुरू इथे दोन मागांवर काम सुरू केलं. विणकरांशी थेट व्यवहार ठेवायचा, मधली दलाली टाळायची, हा त्यांचा आग्रह. त्यातून उभ्या राहिलेल्या जयपूर रग्ज या कंपनीशी आज सुमारे 40 हजार कारागीर जोडलेले आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्यांच्या 'मनचाहा' मालिकेत खेड्यातल्या विणकर बाया स्वतःच्या मनातली नक्षी विणतात, आणि त्या गालिच्यांनी आंतरराष्ट्रीय पारितोषिकं मिळवली आहेत. पण सगळ्या धंद्याचं भलं एखाद्या कंपनीच्या सद्बुद्धीवर सोडून भागणार नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी वेतन संहिता लागू झाली आहे. नगावर काम करणाऱ्यांसाठीही किमान दर ठरवण्याची तरतूद तिच्यात आहे. उत्तर प्रदेश सरकारने तिचा आधार घेऊन विणीच्या घनतेनुसार चौरस फुटाचा किमान दर जाहीर करावा, घरातल्या मागालाही तो लागू करावा, आणि तो दर विणकराच्या हातातल्या चिठ्ठीवर छापणं बंधनकारक करावं. गाठी मोजणं या धंद्याला नवं नाही. मालाची प्रत त्यावरच ठरते. प्रत ठरवायला जी मोजणी चालते, ती मजुरी ठरवायलाही चालली पाहिजे. हे लवकर झालं नाही तर विणकर शोधावे लागतील. भदोहीत 1998 पासून गालिचा तंत्रज्ञानाची सरकारी संस्था आहे, तिथून अभियंते बाहेर पडतात. मागावर बसणाऱ्याची मुलं मात्र मुंबई-सुरतेची गाडी पकडतात. मुंबईत रिक्षा किंवा टॅक्सी चालवणाऱ्या भदोही-मिर्झापूरकडच्या माणसाशी बोललं, तर घरी माग होता असं सांगणारा सहज भेटतो.

या साखळीचं दुसरं अशक्त टोक महाराष्ट्रातही आहे. फलटण, माण, जत, सांगोला या भागांतले धनगर दख्खनी मेंढ्या घेऊन कोकणापर्यंत भटकंती करतात. वर्षातून दोनदा मेंढ्या कातराव्या लागतात, आणि कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही म्हणून अनेक जण लोकर माळावरच टाकून देतात. एके काळी सनगर ती विकत घेऊन घोंगड्या विणत. घोंगडीची जागा गिरणीतल्या स्वस्त ब्लँकेटने घेतली आणि लोकरीचं गिऱ्हाईक गेलं. मेंढपाळही आता मांस जास्त देणाऱ्या माडग्याळ जातीकडे वळतो आहे. लोकरीतून कातरणीही सुटत नाही, ही तक्रार न्यूझीलंडच्या शेतकऱ्यानेही केली. नायलॉन आणि पॉलिप्रॉपिलीनच्या गालिच्यांनी बाजार खाल्ल्यावर तिथल्या राठ लोकरीचा भावही कातरणीच्या खर्चाखाली गेला.

दख्खनी लोकर राठ आणि बरीचशी काळी असते, तिच्यावर फिकट रंग चढत नाही. त्यामुळे भदोहीच्या रंगीबेरंगी नक्षीत तिला जागा मिळणं कठीण. पण रंग न देता, तिच्या मूळच्या काळ्या-करड्या छटांत विणलेल्या जाड बैठकींना आणि गालिच्यांना शहरांत मागणी आहे, आणि काही मोजक्या संस्था तसं काम करतही आहेत. मुंबईच्या स्टुडिओत बनलेल्या 'देसी ऊन' या दख्खनी लोकरीवरच्या लघु-ॲनिमेशनपटाला 2025 मध्ये फ्रान्समधल्या आनसी महोत्सवात पारितोषिक मिळालं. कौतुक झालं, खरेदीची व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. लोकर प्रतवारी करून घेणारी केंद्रं नाहीत, ती धुऊन-पिंजून देणारे कारखाने जवळ नाहीत, आणि न धुतलेली लोकर शेकडो किलोमीटर नेणं परवडत नाही, कारण तिच्या वजनात माती आणि चिकटाही भरतो.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाने कातरणीच्या हंगामात फलटण, जत, सांगोला इथे खरेदी केंद्रं उघडावीत आणि त्यांच्याजवळ एक तरी धुलाई-पिंजाईचा कारखाना उभारावा. राज्य सरकारने आपल्या विश्रामगृहांसाठी, सभागृहांसाठी याच लोकरीची जाजमं घेतली, तरी पहिली काही वर्षं निभावतील. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत कापूस आहे, ताग आहे. लोकर नाही. ती त्या यादीत यावी, यासाठी महाराष्ट्रातल्या सर्व पक्षांच्या खासदारांनी राजस्थानच्या खासदारांना बरोबर घेऊन मागणी करावी.