आधी रक्त, मग गोळी

बोळिंजमध्ये पावसाळ्यात ताप आला की पुढचा क्रम ठरलेला. दोन दिवस मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या, तिसऱ्या दिवशी दवाखाना, चौथ्या दिवशी विडाल. कागदावर 1:160 दिसलं की अम्मी शेजारी सांगते, "टायफॉईड निघाला." मग सलाईन, इंजेक्शनं, महागडं अँटिबायोटिक. ते लागू पडणार का, हे मात्र कुणीच तपासलेलं नसतं.

विडाल ही 1896 सालची चाचणी. ती जंतू शोधत नाही, रक्तातल्या प्रतिपिंडांवरून अंदाज बांधते. पूर्वीचा टायफॉईड किंवा भलताच ताप असला तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. कोणतं औषध चालेल, हे तर ती सांगूच शकत नाही. त्यासाठी ब्लड कल्चर लागतं. रक्तातला जंतू बाटलीत वाढवतात, प्लेटवर पसरतात आणि त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती पुरेसं मोकळं वर्तुळ पडलं तर औषध चालतं. जंतू चकतीपर्यंत वाढला तर ते औषध रुग्णाच्या कामाचं नाही.

हा नुसता प्रयोगशाळेतला खेळ नाही. सिंधमधल्या हैदराबादेत 2016 मध्ये सेफ्ट्रिअॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉईड पसरला. तोंडाने घ्यायचं भरवशाचं औषध एकच उरलं, अॅझिथ्रोमायसिन. साथ ओळखता आली ती कल्चर होत होते म्हणून. आपल्याकडेही सिप्रोफ्लॉक्सासिन टायफॉईडवर फारसं चालत नाही, हे कल्चरनेच दाखवलं.

कल्चर महाग आहे, अहवालाला काही दिवस लागतात आणि खरा टायफॉईड असूनही कधी कधी जंतू सापडत नाही. हे आक्षेप खरे आहेत. पण उपचार थांबवायचे नसतातच. रक्त घेतल्यावर डॉक्टर लगेच औषध सुरू करू शकतात आणि अहवाल आला की गरज पडल्यास बदलू शकतात. अट एकच, रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यायचं. नंतर जंतू सापडणं अवघड होतं.

खर्चाचा प्रश्न गरीब घरावर सोडून चालणार नाही. 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना टायफॉईडची लस मोफत दिली. म्हणजे महापालिकेने ठरवलं तर होतं. वसई-विरार महापालिकेकडे आपण स्वच्छ पाणी मागतोच, सोबत हेही मागू या: आरोग्य केंद्रांत मोफत ब्लड कल्चर आणि कोणतं औषध किती चालतंय याचा जाहीर अहवाल.

आणि थोडं आपल्या घरातलं. आपल्यातलेच कितीतरी जण डीएमएलटी, डी.फार्म., बीयूएमएस करून मोहल्ल्यातच बसतात. सेफिक्झिम चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, विक्रीची नोंदही ठेवावी लागते. काउंटरवरच्या आपल्या भावाने ओळखीच्या चाचांनाही तेवढं "नाही" म्हणावं. सुरुवात तिथूनही होईल.