परसबाग : पानफुटी की तिची बहीण?

थंडी पडली, कुंड्या घरात आल्या, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न ठरलेला असतो: "नर्सरीतून आणलेल्या या जाड पानांच्या रोपाचं नाव काय हो?" कुंडीवर चिठ्ठी असते ती 'असॉर्टेड सक्युलंट्स' एवढीच. यंदा काहींनी पानाच्या कडेला पिल्लं दिसली म्हणून रोपाला 'पानफुटी' ठरवून टाकलंय, आणि मुतखड्यावर पान चावून खाल्लं तर चालेल का, असंही विचारलंय. तेव्हा आधी ओळख, मग औषध!

पान पाहा. शाळेच्या पुस्तकात भेटलेल्या आपल्या पानफुटीचं पान रुंद, लंबगोल, मांसल; कडेला गोलसर दाते. झाड वाढलं की वरची पानं तीन-पाच पर्णिकांत विभागतात. पिल्लं फुटतात ती बहुधा पान मातीवर पडल्यावर, दात्यांमधल्या खाचांतून. इथल्या दुकानांत सर्रास मिळते ती 'मदर ऑफ थाउजंड्स'. तिचं पान निमुळतं, त्रिकोणी, खालून जांभळट ठिपक्यांचं. पान झाडावर असतानाच कडेभर पिल्लांची रांग लागते. तिसरी बहीण 'मदर ऑफ मिलियन्स'. तिची पानं पेन्सिलीसारखी गोल, आणि पिल्लं फक्त टोकाला.

शंका उरली तर फूल येऊ द्या आणि पाकळ्या मोजा. चार असतील तर कलांचो कुळी. जेड, एकेव्हेरिया यांना बहुधा पाच. या तिन्ही बहिणींची फुलं घंटेसारखी खाली लोंबतात, पण पानफुटीचं बाहेरचं आवरण कागदी कंदिलासारखं फुगलेलं असतं आणि त्यातून लालसर पाकळ्या डोकावतात. दुकानातला फुलांचा कलांचो मात्र वर तोंड करून फुलतो. पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर ते रोप या घराण्यातलं नव्हेच. बहुधा युफोर्बिया असेल. हात धुवा, डोळ्यांना लावू नका.

या बहिणींना उन्हाळ्यातले मोठे दिवस आणि त्यानंतर लांब, काळोख्या रात्री मिळाल्या तरच फूल येतं. दिवाणखान्यातल्या दिव्याखाली त्या नुसत्याच वाढतात. म्हणून सप्टेंबरपासून कुंडी रात्री दिवा न लागणाऱ्या खोलीतल्या खिडकीत ठेवावी.

आता पान खाण्याबद्दल. मूळच्या मादागास्करच्या या तिन्ही बहिणींत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, आणि आपली पानफुटीही त्याला अपवाद नाही. कुत्र्यामांजरांना ही झाडं विषारी आहेत. मुतखड्यासाठी डॉक्टर गाठा. आजीचा उपाय आठवणीतच बरा. मुलानं पान खाल्लंच तर पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

फ्लोरिडा आणि हवाईत पानफुटी रानोमाळ पसरली आहे. तिथल्या मंडळींनी छाटलेली पानं कुंपणापलीकडे टाकू नयेत. एकेका पानातून नवं रान उभं राहतं. आणि नाव पटलं की एक करा: मराठी आणि शास्त्रीय, दोन्ही नावं चिठ्ठीवर लिहून कुंडीत खोचा. पुढे ते रोप ज्यांच्या घरी जाईल, त्यांना हा प्रश्न पडायला नको!