पटावर आहे, वर्गात नाही

गावात सहा ते चौदा वयाची मुलं शंभर आणि शाळेच्या पटावर एकशे पाच! असं होतं बरं का, मैत्रिणींनो. वयात न बसणारी मुलंही पटात मोजली, की टक्का शंभराच्या वर जातो. २०११च्या ऑक्टोबरात राज्यात पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो नावं नुसती कागदावरच निघाली.

मेळघाटातली कुटुंबं कामासाठी खाली अमरावती-अकोल्याकडे उतरतात. धाकट्याला सांभाळायला मोठी पोरगी सोबत. नाव मात्र पटावरच. टक्क्याला तिची काय फिकीर?

शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया हव्यात. तिथं नुसती सही करून उठू नका. हजेरीपत्रक मागा, आणि कोणती पोरगी कधीपासून दिसली नाही, ते नावानिशी विचारा.