पोलिसी मालिकेतला पाहुणा आणि परका कायदा

सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झालेली ‘सीआयडी’ ही मालिका ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचे पुनरुज्जीवनही झाले. वाशीतील सिडकोच्या वसाहती काय किंवा बाजार समितीत पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगारांची घरे काय, शिवाजी साटम यांचा एसीपी प्रद्युम्न आणि दयानंद शेट्टी यांचा दया सर्वांच्याच परिचयाचा. अशा मालिकांना ‘पोरखेळ’ म्हणून हसण्यावारी नेण्याची सवय पुरोगामी चळवळीला जडली आहे. परंतु पक्षाची पुस्तिका ज्या घरात वर्षातून एकदाही उघडली जात नाही, त्या घरात न्याय म्हणजे काय याची शिकवणी ही मालिका वर्षानुवर्षे देत आली, हे विसरून चालणार नाही.

ही शिकवण कोणती, हे मालिकेत बाहेरून आलेल्या पाहुण्यांकडे पाहिले की नेमके कळते. २०१२ मध्ये त्याच वाहिनीवरील ‘अदालत’ मालिकेतला वकील के. डी. पाठक या पोलिसांच्या कथेत आला. त्या विशेष भागांचे नावच ‘सीआयडी विरुद्ध अदालत’ असे होते. न्यायालय पोलिसांच्या ‘विरुद्ध’! वकील आला तो प्रतिस्पर्धी म्हणून. पुढे २०१४ मध्ये ‘सिंघम रिटर्न्स’च्या प्रसिद्धीसाठी अजय देवगण पाहुणा झाला, तेव्हा मात्र आगतस्वागत घरच्या माणसाचे. परतभेट म्हणून मालिकेतला दया त्या चित्रपटात पोलीस अधिकारी होऊन दाखल झाला. चित्रपट प्रदर्शित झाला १५ ऑगस्टला, आणि त्यातले गुन्हेगार न्यायालयाच्या निकालाने नव्हे, तर पोलिसांच्या ताब्यात असताना मरतात. एका पाहुण्याशी वैर आणि दुसऱ्याशी सोयरीक, यातच या यजमानाचे चरित्र उघडे पडते.

एरवीच्या भागांत तर वकिलाची गरजही भासत नाही. दार तुटते, थप्पड बसते, आरोपी गुन्हा कबूल करतो आणि तिथेच त्याला फाशीची शिक्षा ऐकवली जाते. तपास, खटला आणि निकाल एकाच खोलीत उरकतात. प्रत्यक्षात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य नाही. हा नियम कोणा मवाळ उदारमतवाद्याने केलेला नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो इंग्रज सरकारने घातला, कारण आपले पोलीस कबुली कशी मिळवतात हे त्या सरकारला पक्के ठाऊक होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. परक्या राज्यकर्त्यालाही आपल्या पोलिसांबद्दल जी शंका होती, ती शंका स्वतंत्र देशातल्या प्रेक्षकाच्या मनातून पुसून टाकण्याचे काम ही करमणूक करते.

यावर उत्तर ठरलेले आहे : ‘खटले वर्षानुवर्षे रखडतात, धनदांडगे सुटतात, मग लोकांना सिंघम आवडला तर नवल काय?’ हा संताप खोटा नाही आणि त्याची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण पडद्यावरची थप्पड मंत्र्याच्या आणि बिल्डरच्या गालावर बसते; पोलीस कोठडीतली थप्पड बसते ती पारध्याच्या, झोपडीतल्या पोराच्या, संपावरच्या कामगाराच्या गालावर. कायद्याचा लगाम सैल झाला की बलवान धाकात राहत नाही. दुर्बळाची उरलीसुरली ढाल तेवढी गळून पडते.

वाशीकरांना हे सांगायला परक्या मुलखातले दाखले नकोत. हे शहर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या संपादनातून उभे राहिले. जमिनीचा रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई व दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळ्या चालल्या आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य करून घेतले गेले. त्या दिवशी बंदुकीच्या कोणत्या बाजूला आपली माणसे उभी होती, हे ज्यांना आठवते त्यांनी आपल्या नातवंडांना सिंघमसाठी टाळ्या वाजवताना पाहून गप्प बसावे काय?

पडद्यावरचा धडा प्रत्यक्षात उतरायला वेळ लागला नाही. बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराने २०२४ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र हादरला. गुन्हा घृणास्पद होता. त्यातील आरोपीला २३ सप्टेंबर रोजी नवी मुंबईतील तळोजा कारागृहातून पोलिसांच्या गाडीतून नेले जात असता वाटेतच तो पोलिसांच्या गोळीने मेला. मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले, पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने तो बळाचा वापर असमर्थनीय ठरवला, तेव्हा पेढे वाटणारे कुठे होते? आरोपी मेला आणि त्याच्यावरील खटलाही संपला. त्या मुलींना उघड न्यायालयात मिळू शकणारा निकाल त्याच्याबरोबर गेला. ज्याला न्याय म्हणून मिरवले, त्याने न्यायाचीच वाट बंद केली.

तेव्हा मालिकेवर बंदी मागणे हा मार्ग नव्हे. बंदीची भाषा सत्ताधाऱ्यांना शोभते. कार्यकर्त्यांनी करायचे काम साधे आणि कष्टाचे आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिलेले नियम प्रत्येक शाखेत वाचले जावेत : अटकेची लेखी नोंद, नातेवाइकांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट. प्रत्येक पोलीस ठाण्यात ध्वनिमुद्रणासह कॅमेरे बसवण्याचा आदेश त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये दिला. ते कॅमेरे बसले काय, चालू आहेत काय, हा प्रश्न वाशीपासून उरणपर्यंतच्या ठाण्यांत लेखी विचारला गेला पाहिजे. बाजारातल्या एखाद्या हमालाला रात्री उचलून नेले, तर पहाटेच्या आत ठाण्याच्या दारात दोन कार्यकर्ते हे नियम खिशात घेऊन हजर असले पाहिजेत.

लोकांना सिंघम हवासा वाटतो, कारण अडल्या वेळी त्यांच्या दाराशी दुसरे कोणी येत नाही. या अनुपस्थितीचा दोष दूरदर्शन संचाचा नाही. तो चळवळीने स्वतःकडे घ्यावा आणि कामाला लागावे.