सुगंधी चिनी चहा आणि आपली वखार



ज्याचे सारे आयुष्य गहू, तांदूळ आणि तुरीच्या पोत्यांत गेले, त्याने चिनी चहाविषयी लिहावे हे काही वाचकांस विपरीत वाटेल. परंतु आपल्या सुरतेत हा माल सध्या कापडाच्या आणि हिऱ्याच्या दारातून येत आहे. मागांची यंत्रे पाहावयास चीनला जाणारे, किंवा हिऱ्यांच्या कामासाठी हाँगकाँगला ये-जा करणारे आपल्यातील तरुण परतताना यजमानाने दिलेली चहाची नक्षीदार पेटी घेऊन येतात. ती पेटी घरात ठेवली जाते कोठे? बहुधा मसाल्याच्या फळीवर, नाहीतर डांबराच्या गोळ्या टाकलेल्या कपाटात. सहा महिन्यांनी पाहुण्यांपुढे तो चहा येतो, पाहुणे एकमेकांकडे पाहतात आणि ठपका मात्र चीनवर बसतो. आता तर काही तरुण सभासदांच्या मनात दिवाळीच्या भेटीसाठी हा माल मागवून विकण्याचे आहे. त्यांना निरुत्साही करण्याचा माझा हेतू नाही. माल जरूर मागवावा. पण धान्याच्या वखारीत ठेवून तो विकू नये, आणि धान्याच्या रीतीने तर मुळीच विकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम हा माल कोणता, ते पाहू. हिरव्या चहाचे पान खुडल्यावर लवकरच त्यास उष्णता देऊन त्याचा रंग राखला जातो. आपल्या नित्याच्या काळ्या चहाचे पान पुरते मुरू देतात. ऊलाँग या दोहोंच्या मधला. या शब्दाचा अर्थ 'काळा ड्रॅगन' असा सांगतात. फूच्येन प्रांतातील वुई पर्वत, क्वांगतुंग प्रांतातील फीनिक्स डोंगर आणि तैवान बेट अशी त्याची अनेक माहेरे आहेत. मी पाहिलेल्या पेट्यांत मात्र बहुतेक वेळा फूच्येनच्या दक्षिण भागातील आन्शी येथला 'तिएग्वानयिन' हा चहा होता, म्हणून त्याच्याविषयीच लिहितो.

या चहासाठी कोवळी कळी खुडीत नाहीत. वाढ पुरी झालेल्या शेंड्याची दोन-चार पाने खुडतात. ती उन्हात किंचित मलूल होऊ देतात आणि मग बांबूच्या जाळीदार पिंपात घालून फिरवितात. पानांच्या कडा एकमेकींवर घासून दुखावतात. मग पाने पसरून विसावू द्यावयाची, पुन्हा फिरवावयाची. हे काम रात्री उशिरापर्यंत चालते. कडा तांबूस होतात, पोट हिरवे राहते, आणि त्या दुखावलेल्या पानातूनच आमरीच्या कुळातील फुलांसारखा सुवास उठू लागतो. तो पुरता उठला आणि अजून उतरू लागला नाही, असा क्षण कारागिराने नाकाने ओळखावयाचा आणि तेव्हाच पान तापल्या भांड्यात घालावयाचे. पुढे फडक्यात घट्ट बांधून पाने वारंवार मळतात, त्यामुळे त्यांच्या लहान गोळ्या होतात. या गोळ्या गरम पाण्यात हळूहळू उलगडतात आणि एकच चिमूट सहा-सात वेळा पाणी घेते. वसंतातील खुडणीचा चहा चवीला भरीव आणि शरदातील वासाला सरस, असे तिकडील जाणकार मानतात. ही कला किती मोलाची मानली जाते, याची साक्ष २०२२ साली मिळाली. त्या वर्षी आन्शीच्या चहाशेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक कृषिवारशाचा मान दिला आणि चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीची नोंद युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशात केली.

नावाचीही एक मौज आहे. 'तिए' म्हणजे लोखंड आणि 'ग्वानयिन' म्हणजे करुणेची देवता. ही देवता मूळची आपल्याच भूमीतली. बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला तो अवलोकितेश्वर होय. कान्हेरीच्या व औरंगाबादच्या लेण्यांत त्याचे शिल्पपट आहेत. त्यांत बुडत्या जहाजातले आणि संकटात सापडलेले प्रवासी त्याचा धावा करताना दिसतात. ज्याला आपल्या किनाऱ्यावरच्या वाटसरू-व्यापाऱ्यांनी हाका मारल्या, त्याचेच नाव घेऊन हा चहा आज सुरतेत येतो. रोप प्रथम कोणाला सापडले, याविषयी आन्शीत दोन कथा आहेत. देवीला नित्य चहा वाहणाऱ्या वेई नावाच्या भाविकाला स्वप्नात रोप दिसले, ही एक. वांग नावाच्या विद्वानाने आणलेल्या चहाला सम्राट च्येनलुंगने हे नाव दिले, ही दुसरी. दोन घराणी मालकी सांगतात, यावरून मालाची किंमत व्यापाऱ्याने समजून घ्यावी!

चिनी चहा सुरतेला नवा आहे, असे मात्र कोणी समजू नये. १६३८ साली येथे आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने इंग्रजांच्या वखारीतील रोजच्या बैठकीत चहा घेतला जात असल्याचे लिहून ठेवले आहे. १६८९ साली इंग्लंडहून निघालेला जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री सुरतेच्या वखारीत राहिला. त्याच्या प्रवासवृत्तात तर आपल्याच पूर्वजांचा उल्लेख आहे. वाणी लोक दिवसाच्या कोणत्याही वेळी चहा-कॉफी मोकळेपणाने घेतात, चहात गरम मसाले उकळतात, खडीसाखर घालतात आणि अधिक शौकीन लोक मुरवलेली लहान लिंबे घालतात, असे तो सांगतो. वलंदेजांची किटली तर आगीवरून क्वचितच उतरे. म्हणजे आसामचा चहा प्रथम लंडनच्या लिलावात गेला त्या १८३९ सालाच्या कितीतरी आधी सुरतेच्या वाण्याने चिनी चहात मसाला घातला होता. पुदिना आणि गवती चहा घातलेला आपला सुरती पेला त्याच वंशातला असावा, असे मला वाटते. याच ओव्हिंग्टनने १६९९ साली चहावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात 'बोही' नावाच्या काळसर चहाचे वर्णन केले. 'बोही' हा वुई या पर्वतनामाचाच अपभ्रंश, आणि वुई हे ऊलाँगचे माहेर.

पुढे १७८४ साली इंग्लंडने चहावरील जकात शेकडा ११९ वरून साडेबारावर आणली. चहाची मागणी एकदम वाढली आणि तो चहा विकत घेण्यासाठी गुजरातचा कापूस मुंबईमार्गे कँटनला जाऊ लागला. कापसामागोमाग माळव्याची अफूही गेली. आपल्या प्रांतातील काही मोठ्या संपत्तींचा उगम त्या व्यापारात आहे, ही गोष्ट स्मरणिकेत लिहावयास गोड नसली तरी खरी आहे. असो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. धान्य बिघडले की ते बोलते. सोंडे पडतात, जाळी धरते, थप्पीत हात घातला तर उष्णता लागते, पीठ झडून वजन घटते. वजन घटले की व्यापाऱ्याची झोप उडते आणि तो उपाय करतो. चहाला सोंडे पडत नाहीत, जाळी धरत नाही. तो गुपचूप मरतो. एवढेच नव्हे, तर तयार चहा इतका कोरडा असतो की तो हवेतला ओलावा शोषून घेतो आणि मरता मरता त्याचे वजन वाढते! तांदूळ शेकडा १४ ओलाव्यापर्यंत चालतो. चहा सहा-सात टक्क्यांपुढे गेला की त्याचा वास बसू लागतो. आषाढ-श्रावणात तापीकाठच्या हवेत उघडी राहिलेली पेटी काट्यावर जास्त भरेल आणि कपात शून्य भरेल. आपला सारा प्रामाणिकपणा पिढ्यान्पिढ्या तागडीवर उभा आहे. माप पुरे, भाव सांगितला तोच, वानगीप्रमाणे माल, एवढे केले की मनुष्य खरा. पण या मालात तागडी खरी असूनही गिऱ्हाईक फसते. म्हणून मी म्हणतो, ज्याला नाकाने व्यापार करता येत नाही त्याने यात पडू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे चहाचे पान भोवतालचा वास ओढून घेते. चिनी लोक मोगऱ्याच्या कुळातील फुले चहात ठेवून त्याला सुवासिक करतात, ते याच गुणामुळे. पण मोगऱ्याला हो म्हणणारे पान हिंगाला नाही म्हणत नाही. आपल्या वखारीत हळद असते, मिरची असते, तेलाचे डबे असतात. तागाच्या गोणीलाही स्वतःचा तेलकट वास असतो. शिवाय धान्याला कीडनाशक धुरी दिली जाते. तेथे हा चहा ठेवणे म्हणजे अत्तराची कुपी गोठ्यात उघडून ठेवणे होय. जुन्या काळी युरोपीय जहाजांवर चिनी मातीची भांडी तळाशी रचून त्यांवर चहाच्या शिशाचे पत्रे लावलेल्या पेट्या ठेवीत. तळाशी साचणारे पाणी भांड्यांचे काही बिघडवीत नसे आणि चहा कोरडा राही. शिसे आज निषिद्ध आहे, तरी माल कशाशेजारी ठेवावा हा त्या खलाशांचा विचार अजून शिकण्याजोगा आहे. बटाटे आणि मिरची ठेवलेल्या सामाईक शीतगृहात भाडे भरून हा चहा ठेवू पाहणारे व्यापारी मी पाहिले आहेत. थंडी मिळाली, पण शेजार कोणता मिळाला, याचा विचार त्यांनी केला नाही.

यावर काही मित्र म्हणतात, "शेठजी, जुना सुरती कोलम नव्यापेक्षा महाग जातो, तसा जुना चहाही महाग जाईल." हा युक्तिवाद अर्धा खरा आणि म्हणूनच धोक्याचा आहे. तिएग्वानयिनचे दोन प्रकार आहेत. एक निखाऱ्यावर वा भट्टीत चांगला भाजलेला, गडद रंगाचा. तो कोरड्या, बंद डब्यात वर्षानुवर्षे राहतो आणि नीट सांभाळला तर त्याची चव प्रौढ होते. त्याला जुन्या तांदळाची उपमा शोभेल. दुसरा हिरवट आणि फुलांच्या वासाचा. आपल्याकडील पेट्यांत येतो तो बहुधा हाच. त्याची गोष्ट बाजरीच्या पिठासारखी आहे. बाजरी महिनोन्महिने टिकते, पण दळली की तिचे पीठ लवकरच कडवट होते. शिवाय या हिरवट प्रकाराचा बोलबाला गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला आहे. हवा काढून टाकलेली पाकिटे आणि घरोघरी शीतपेट्या आल्या तेव्हाच तो बाजारात टिकू शकला. म्हणजे या सुगंधाच्या जन्मातच साठवणीचा हात आहे. ज्याला ती साठवण पाळावयाची नाही, त्याने भाजलेलाच चहा मागवावा. त्यात कमीपणा काही नाही, आणि माझ्या जिभेला तर तोच अधिक मानवतो.

तरुण सभासदांना माझ्या सूचना थोड्या आहेत. एका खुडणीचा माल पुढच्या खुडणीपर्यंत खपेल एवढाच मागवावा. जकात जबर आहे म्हणून एकदम मोठा साठा करण्याचा मोह होतो, तो आवरावा. पाकिटावर वर्षाबरोबर खुडणी वसंताची की शरदाची हे लिहावे, आणि सात-आठ ग्रॅमची बंद पाकिटे कधीही फोडून डब्यात एकत्र करू नयेत. प्रत्येक खेपेतील एक पाकीट दरमहा उघडून पाणी घालून पाहावे. वास उतरला असेल तर तो माल सुगंधी म्हणून विकू नये. जाणकाराकडून पुन्हा भाजून घेऊन भाजलेला म्हणून, कमी भावाने, तसे सांगून विकावा. यात नफा घटेल. पण भेटीदाखल दिलेला चहा घेणारा मनुष्य तक्रार करावयास येत नसतो. तो फक्त देणाऱ्याविषयी मनात काहीतरी ठरवितो. म्हणून भेटीच्या मालात विकणाऱ्याची जबाबदारी दुप्पट असते.

घरच्या वापराचेही तेच. हिरवट चहाची पाकिटे शीतपेटीत ठेवावीत, मात्र एका घट्ट डब्यात. लसूण-कांदा आपल्या पुष्कळ घरांत नसला तरी लोणचे आणि कापलेली फळे असतातच. बाहेर काढलेले पाकीट लगेच फोडू नये. थंड पानावर हवेतले दव बसते आणि एका क्षणात महिन्याची राखण वाया जाते. तासभर खोलीत राहू द्यावे, मग फोडावे, आणि फोडलेले त्याच दिवशी संपवावे. भाजलेल्या चहासाठी शीतपेटीची गरज नाही. उन्हापासून दूर, चुलीपासून दूर, घट्ट झाकणाचा पोलादी डबा पुरे. ज्या डब्यात पूर्वी वेलदोडे होते तो कितीही घासला तरी या कामी येत नाही. नवा घ्यावा, आणि तोही दोन दिवस उघडा ठेवून, नाक लावून पाहून मगच भरावा.