फ्रीजर गार होईना? गॅसच्या आधी वीज पाहा

सीताफळाचा हंगाम आला, की पुरंदर काय किंवा बालाघाटचा पट्टा काय, घरोघरी गर काढण्याची लगबग सुरू होते. त्यासाठी बचत गटांनी आणि काही शेतकऱ्यांनी घरात डीप फ्रीजर घेतले आहेत. हा गर टिकतो उणे १८ अंशांना. एकदा सुटला, की काळा पडतो, आंबतो आणि हंगामाची मेहनत उकिरड्यावर जाते. म्हणून फ्रीजर गार होईनासा झाला, की घाईने मेकॅनिक बोलावला जातो. तोही पुष्कळदा पुरते न पाहताच सांगतो, "गॅस संपला."

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा गॅस म्हणजे इंजिनातले डिझेल नव्हे. तो बंद नळीत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

खिशात हात घालण्याआधी घरच्या घरी एवढे पाहा. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज निघून आली, तर रबर ढिले आहे किंवा मळले आहे. आत अर्ध्या सेंटिमीटरहून जाड बर्फ साठला असेल, तर फ्रीजर बंद करून तो वितळू द्या. सुरीने किंवा उलथन्याने खरवडू नका. नळीला भोक पडले, की खरोखरच गॅस जातो. मागच्या जाळीवरची धूळ झाडा. पुष्कळ डीप फ्रीजरना जाळी दिसत नाही, त्यांची उष्णता बाजूच्या पत्र्यातून बाहेर पडते. त्यावर गोधडी टाकली किंवा सोयाबीनची पोती टेकवून ठेवली, तर ती जाणार कुठून? चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी ठेवा. आणि ताजा गर एकदम खच्चून भरू नका, थोडा थोडा घाला.

एवढे करूनही भागले नाही, तर वीज तपासा. घरातला दाब २३० व्होल्टच्या आसपास हवा. तो संध्याकाळी, फ्रीजर चालू असताना, त्याच्या प्लगपाशी वायरमनकडून मोजून घ्या. बारीक वायरीच्या जोडबोर्डावर फ्रीजर लावू नका. दाब फार पडला, की कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडतो, तापतो, टक् आवाज करून बंद पडतो. असे रोज झाले, तर जळतोच. वीज आल्यावर तीन-चार मिनिटे थांबून सुरू करणारा स्टॅबिलायझर त्यावर उपयोगी पडतो.

पण दुखण्याचे मूळ शिवारातही असते. वीज आली, की ऑटोस्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकाच वेळी उठतात आणि रोहित्रावर एकदम भार येतो. गावठाणाची वीजही त्याच रोहित्रावर असेल, तर घरातला दाब कोसळतो. ऑटोस्विच काढा, मोटारीला कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगत आले आहे. ते केले, तर मोटारही वाचते आणि शेजारणीचा फ्रीजरही. सरपंच आणि ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. दाबाच्या नोंदी आठवडाभर लिहून त्यासह लेखी तक्रार द्यावी. नुसत्या तोंडी ओरडीपेक्षा कागदाला वजन असते.

शेवटची गोष्ट मालाची. वीज गेली, तर दार उघडू नका. गच्च भरलेला फ्रीजर साधारण दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस गार राहतो. एका वाटीत बर्फ करून त्यावर नाणे ठेवा आणि वाटी आतच राहू द्या. नाणे तळाला गेलेले दिसले, तर तुमच्या पाठीमागे माल सुटून पुन्हा गोठला आहे, असे समजा. तो विकू नका. एक खेप वाया गेली तर नुकसान एका हंगामाचे. गिऱ्हाईक तुटले तर कायमचे.